ओई, एसईसी, व्हीएससी… पण पोरगं शिकतंय काय?

या वेळच्या टपालात आणि मेलमध्ये कॉलेजातल्या नव्या विषयांबद्दलच जास्त प्रश्न आलेत, अ‍ॅडमिशनचा मोसम आहे म्हणून असेल. सगळे छापणं शक्य नाही, एकसारखे होते ते एकत्र केलेत आणि काही पत्रं थोडी कापलीयेत, राग मानू नका.

प्रश्न : माझी मुलगी एफवाय बीकॉमला आहे. टाइमटेबल बघितलं तर अकाउंट्स, इकॉनॉमिक्स सोडून ओई, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी असलं काय काय आहे. ओई म्हणून तिला रोपवाटिकेचा विषय मिळालाय. तिनं निवडला नाही, मिळालाय. बीकॉमच्या पोरीला रोपं लावून काय करायचंय? आणि या सगळ्यात कॉम्प्युटर कुठे आहे?
— एक आई, बार्शी

उत्तर : ताई, आधी ती अक्षरं सोडवू, कारण अर्धी भीती त्या अक्षरांचीच असते. राज्य सरकारनं २० एप्रिल २०२३ ला जीआर काढून तीन वर्षांच्या डिग्रीची नवी मांडणी केली, एकूण १२० ते १३२ क्रेडिट (क्रेडिट म्हणजे विषयाला दिलेल्या तासांचं माप). त्यातला मोठा हिस्सा मेन विषयाचा, बाकीचा असा वाटून दिलाय. ओई म्हणजे ओपन इलेक्टिव्ह, आपल्या शाखेबाहेरचा विषय, १० ते १२ क्रेडिट. एईसी म्हणजे भाषा, ८ क्रेडिट. व्हीएससी आणि एसईसी हे कौशल्याचे, मिळून १४ ते १६. व्हीईसीत पर्यावरण, संविधान वगैरे येतं, आयकेएस म्हणजे भारतीय ज्ञान प्रणाली, आणि सीसी म्हणजे एनएसएस, खेळ, कल्चरल. स्वायत्त कॉलेजांत हे आधी आलं, बाकीच्या कॉलेजांत २०२४-२५ पासून. म्हणजे कागदावर बघाल तर कौशल्याला जागा आहे, आपल्या वेळी एवढी नव्हती, आपल्याला कंपल्सरी इंग्लिश आणि मुंबईकडच्यांना फाउंडेशन कोर्स, संपला विषय.

आता तुमच्या पत्रातला खरा शब्द, 'मिळालाय'. ओपन इलेक्टिव्ह हा निवडायचा विषय, पण बऱ्याच कॉलेजांत होतं असं की कुठल्या डिपार्टमेंटचा वर्कलोड कमी पडतोय ते आधी बघतात आणि त्या सरांचा विषय ओई म्हणून लावतात. सरांचं चूक नाही, लोड कमी झाला की पोस्ट जाते, पोस्ट गेली की परत भरली जात नाही, हे सगळ्यांना माहितीये. पण मग शंभर-सव्वाशे कॉमर्सच्या मुलांना बॉटनीचा विषय का, तर बॉटनीचे तास भरायचे होते म्हणून, एवढंच उत्तर उरतं. त्यात मुलीला काय हवंय हा प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो.

तरी मी म्हणेन की बार्शीत राहून रोपवाटिकेला नाक मुरडू नका. एनएमके गोल्डन ही सीताफळाची जात तुमच्याच तालुक्यातल्या गोरमाळ्याची आहे आणि तिच्या रोपांचा धंदा काय आहे ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. बीकॉमच्या मुलीनं एका नर्सरीत जाऊन एका रोपाचा खर्च काढून आणावा, पिशवी, माती, शेणखत, कलम बांधणाऱ्याची मजुरी, पाणी, आणि शंभरातली किती रोपं मरतात ती मर धरून जगलेल्या रोपावर तो खर्च कसा बसवायचा हे, तर ते कॉस्टिंगच झालं की, आणि अकाउंट्सच्या पुस्तकातल्या 'ए लिमिटेड' आणि 'बी लिमिटेड' पेक्षा जास्त लक्षात राहील. पण त्याच तासांत 'रोपवाटिकेचे महत्त्व सांगून प्रकार स्पष्ट करा' एवढं डिक्टेट केलं तर ते तास वाया गेले. म्हणून विषयाचं नाव बघून घाबरू नका आणि खूशही होऊ नका, मागच्या वर्षीचा पेपर मागून घ्या. पेपरमध्ये काय विचारलंय त्यावरून कळतं वर्गात काय होणार ते. आणि कॉम्प्युटर एसईसीत असतो बऱ्याचदा, पुढच्या सेमिस्टरला यादी लागायच्या आधी मुलीला ऑफिसात जाऊन विचारू दे, यादी लागल्यावर कुणी ऐकत नाही.

प्रश्न : बीए सेकंड इयरला आहे. पर्यावरण, संविधान, आयकेएस, मराठी, इंग्लिश हे सगळं करून हातात काय येणार? त्या जागी एआय, एक्सेल, डेटा अ‍ॅनालिटिक्स, कम्युनिकेशन स्किल ठेवलं तर आम्हाला जॉब लागतील ना? यूट्यूबवर पण सगळे हेच सांगतात.
— एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : यूट्यूबवर सांगणाऱ्यांच्या व्हिडिओखाली त्यांच्याच कोर्सची लिंक असते बघ, ती बघून मग किती मान डोलवायची ते ठरव.

पण प्रश्न टाळत नाही. पर्यावरणाचा पेपर हे छान उदाहरण आहे. १९९१ मध्ये वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टानं सांगितलं की पर्यावरण शिक्षणात आलं पाहिजे, पुढं २००३ मध्ये परत दट्ट्या बसला तेव्हा यूजीसीनं सगळ्या शाखांसाठी सहा महिन्यांचा कोर्स केला. त्यात फील्डवर्क होतं, म्हणजे नदीवर जा, कचरा डेपो बघा, नोंदी करा. नंतर झालं काय? फील्डवर्कचा 'प्रोजेक्ट' झाला, प्रोजेक्टची झेरॉक्सच्या दुकानात मिळणारी फाइल झाली आणि गोदावरीकाठच्या कॉलेजातली मुलं गोदावरीवर न जाता गंगेच्या प्रदूषणावर पानं भरतात. कोर्टानं सांगितलेला विषय सुद्धा आपण असा बसवला. आता त्या जागी एक्सेल ठेव आणि 'स्प्रेडशीट म्हणजे काय? फायदे-तोटे लिहा' असा पाच मार्कांचा प्रश्न काढ, तुझ्या हातात तेवढंच येईल जेवढं आत्ता येतंय. मी बघितलेत असे पेपर, कॉम्प्युटरच्या पिढ्या किती आणि इनपुट डिव्हाइस कोणते, बास.

उलट संविधानाचा पेपर घे. वर्गात माहिती अधिकार शिकवला ना, २००५ चा कायदा, तीस दिवस, दहा रुपये? मग खरा अर्ज लिहून बघ. महाराष्ट्रात २०१२ पासून नियम आहे, एका अर्जात एकच विषय आणि तोही दीडशे शब्दांत. समजा महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरची तुझी स्कॉलरशिप अडकलीय. पहिल्यांदा सगळे लिहितात तसं तू लिहिशील, 'माझी शिष्यवृत्ती अजून का जमा झाली नाही, याला जबाबदार कोण, संबंधितांवर कारवाई करावी.' याचं उत्तर येणार नाही, कारण माहिती अधिकारी रेकॉर्डवर आहे ते देतो, 'का' आणि 'कारवाई करा' हे त्याच्या कामात बसत नाही. मग तू बदलून लिही, 'अर्ज क्रमांक अमुक, दिनांक अमुक, या अर्जावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीच्या तारीखनिहाय नोंदींची व सध्या तो ज्या टेबलावर प्रलंबित आहे त्या अधिकाऱ्याच्या पदनामाची प्रत द्यावी.' हे दोन्ही अर्ज शेजारी ठेवून वाच. दुसरा लिहिता येणं यालाच ऑफिसात ड्राफ्टिंग म्हणतात आणि ज्याला ते येतं त्याला साहेब शोधत येतो. यात मराठी आली, संविधान आलं, कम्युनिकेशन पण आलं, आणि एकाही विषयाचं नाव बदलावं लागलं नाही.

राहिलं जॉबचं. लिपिक-टंकलेखकाच्या जागेला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचं टायपिंग सर्टिफिकेट लागतं, ते बीएत कुठेच नाही, बाहेर करावं लागेल, कर. आणि युनिकोडमध्ये शिक, श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टवर बसलेले हात नंतर सोडवायला फार त्रास होतो. आयकेएस बद्दल मी काही बोलत नाही, २ क्रेडिटचं आहे, शिकवणारा कसा मिळतो यावर सगळं.

प्रश्न : कुपवाड एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. अकाउंटला बीकॉम झालेली मुलं येतात, फर्स्ट क्लास असतो, पण जीएसटीचं काम दिलं की गडबड. एक्सेल येतं म्हणतात आणि टोटल कॅल्क्युलेटरवर मारून सेलमध्ये टाइप करतात! सप्लायरला फोन कर म्हटलं तर घाबरतात. कॉलेजात नक्की शिकवतात काय?
— एक उद्योजक, सांगली

उत्तर : साहेब, टोटल टाइप करणारी मुलं मी पण बघितलीत, तुमची चिडचिड समजू शकते.

तुम्ही जे 'जीएसटीचं काम' म्हणता त्यातलं एकच काम उलगडून बघू या. चौदा तारखेला पोर्टलवर टू-बी येतं, म्हणजे सप्लायरनी भरलेल्या बिलांचं स्टेटमेंट, ते आपल्या परचेस रजिस्टरशी मॅच करायचं, न जुळलेली बिलं काढायची आणि सप्लायरच्या मागं लागायचं. मुलानं क्लासमध्ये व्हीलुकअप, म्हणजे एका यादीतला नंबर दुसरीत शोधणारा एक्सेलचा फॉर्म्युला, केलेला असतो, पण तिथं दोन्ही बाजूंचे नंबर सारखे असतात हो. इथं आपल्या रजिस्टरला बिल नंबर '४५/२४-२५' आणि सप्लायरनं पोर्टलवर टाकलेला 'एस/००४५/२४-२५', कुठं मध्ये स्पेस, कुठं आकडा टेक्स्ट म्हणून सेव्ह झालेला, फॉर्म्युला ओढला की खालपर्यंत एन-ए एन-ए एन-ए, म्हणजे सापडलं नाही. मुलगा तिथं थांबतो आणि तुम्ही म्हणता याला काही येत नाही. त्याला फॉर्म्युला येतो, पण घाण डेटा त्यानं आयुष्यात पहिल्यांदा बघितलाय. पुस्तकातल्या उदाहरणात दोन्ही बाजू नेहमी टॅली होतात, न झाल्या तर तो प्रिंटिंग मिस्टेक समजतो.

सिलॅबस मागं राहतो हे तर आहेच. जीएसटी १ जुलै २०१७ ला आला, एवढ्यात २२ सप्टेंबर २०२५ ला दर पुन्हा बदलले, १२ टक्क्यांचा स्लॅब गेला, पुस्तकांत तो अजून काही वर्षं दिसत राहील. अभ्यास मंडळ बसणार, मसुदा होणार, विद्या परिषदेत जाणार, मग पुस्तकं येणार, हे दराच्या मागे धावून कधीच होणार नाही आणि तशी अपेक्षाही करू नये. दर बघायला पोर्टल आहे. कॉलेजनं शिकवायचं ते दोन याद्या शेजारी ठेवून फरक शोधणं, फरक का आला असेल याचे दोन-तीन अंदाज बांधणं आणि समोरच्याला न दुखावता विचारणं. हे २०१७ च्या आधी व्हॅटला लागायचं, आता जीएसटीला लागतं, उद्या दुसरं काही आलं तरी लागेलच.

पण थोडं तुमच्याकडेही येते. नव्या मांडणीत ओजेटी आहे, ऑन जॉब ट्रेनिंग, ४ क्रेडिट म्हणजे साधारण १२० तास. पोरं एमआयडीसीत दारोदार फिरतात, घ्या म्हणून. बहुतेक ठिकाणी त्यांना काय मिळतं? लेटरहेडवर सर्टिफिकेट, आणि घरी जा. किंवा मग चहा सांगणं, कुरिअर घेणं, फाइलींवर नंबर टाकणं. सीएंकडं तर सीझनमध्ये नुसती झेरॉक्स. पुढच्या वेळी दोन मुलं घ्या, मागच्या वर्षीच्या एखाद्या महिन्याचं रजिस्टर आणि टू-बी द्या, ते जुनंच आहे, बिघडलं तरी काही बुडत नाही, आणि सांगा जुळवून दाखव. सप्लायरला पहिला फोन तुमच्यासमोर लावायला लावा. त्यातलं एक पोरगं तुम्ही पुढं ठेवून घ्याल. राज्य सरकारच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत ग्रॅज्युएटला महिना १०,००० रुपये विद्यावेतन सरकारकडून जातं, तीही चौकशी करा.

आणि हो, पगार किती देता ते पत्रात लिहिलेलं नाही.

प्रश्न : मी कोकणातल्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते, तासिका तत्त्वावर. यंदा एसईसी म्हणून डिजिटल साक्षरता माझ्याकडे दिलंय. वर्गात सव्वाशेच्या आसपास मुलं, लॅबमध्ये वीसेक कॉम्प्युटर, त्यातले चालू किती ते विचारू नका. मी स्वतः या विषयातली नाही. टाळता येत नाही. नोट्स देऊन मोकळं व्हायचं की काही करता येईल?
— एक प्राध्यापिका, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : मॅडम, तासाप्रमाणे पैसे, तेही कधी हातात पडतील ते नक्की नाही, आणि वर हे. तुम्ही नोट्स देऊन मोकळ्या झालात तरी तुम्हाला बोल लावायचा हक्क मला नाही. पण विचारलंयत म्हणून सांगते.

पहिलं, विषय प्रॅक्टिकल म्हणून मंजूर आहे का थिअरी ते बघा. थिअरीला एका क्रेडिटचे १५ तास आणि प्रॅक्टिकलला ३०. प्रॅक्टिकल असेल तर बॅच मागता येतात, कॉलेज कुरकुर करेल कारण बॅच पाडल्या की तास वाढतात आणि तासांचे पैसे, पण लेखी मागा.

दुसरं, लॅबचा नाद सोडा, मुलांच्या खिशात फोन आहेत. आणि तुम्ही राज्यशास्त्राच्या आहात हा तोटा समजू नका, उलट कॉम्प्युटरच्या माणसाकडं जे नाही ते तुमच्याकडं आहे. ई-ग्रामस्वराज पोर्टलवर प्रत्येक ग्रामपंचायतीचा आराखडा आणि खर्च दिसतो. प्रत्येक मुलानं आपली ग्रामपंचायत शोधायची, एका वर्षातल्या खर्चाच्या दहा-बारा नोंदी फोनवरच गूगल शीटमध्ये भरायच्या, कामाचं नाव, रक्कम, तारीख, बेरीज फॉर्म्युलानं, मोठ्यातून लहान असा क्रम, एक साधा आलेख. मग त्यातलं एक काम प्रत्यक्ष बघून यायचं, गटार झालंय का, दिवे लागलेत का, फोटो काढायचा. यात शोधणं आलं, डेटा भरणं आलं, आणि समोर दिसतंय ते खरं मानायचं का हे पण आलं, जे डिजिटल साक्षरतेच्या पुस्तकात शेवटच्या चॅप्टरला असतं आणि तिथपर्यंत कुणी पोचत नाही. शिवाय २ ऑक्टोबर किंवा २६ जानेवारीच्या ग्रामसभेत एखाद्या पोरीनं तो कागद काढला तर काय होईल याचा अंदाज तुम्हाला आहेच, म्हणून मुलांना आधी नीट सांगा की आरोप करायचा नाही, फक्त विचारायचं. गावकी तुम्ही ओळखता, मी नाही.

तिसरं, मार्क. शेवटचा पेपर विद्यापीठाचा किंवा कॉलेजचा असेल, तो जसा असेल तसा, पण इंटर्नल तुमच्या हातात असतात. त्यातले थोडे तरी समोर करून दाखवण्याला ठेवा. मुलगा येतो, तुम्ही म्हणता या शीटमध्ये पन्नास हजारांवरच्या नोंदी वेगळ्या काढ, त्यानं काढायच्या. तीन मिनिटं. सव्वाशे मुलांना सहा-सव्वासहा तास लागतील, दोन-तीन दिवसांत विभागून होतं. या सहा तासांसाठीच मी एवढं लिहितेय, कारण मुलांना एकदा कळलं की करून दाखवावं लागणार आहे, मग ती आधीचे सगळे तास वेगळ्या कानानं ऐकतात.

शिकायला तुम्हाला स्वतःला काही हवं असेल तर आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल बघा, फुकट आहेत, छोटे छोटे आहेत, लिबरऑफिसचे मराठीत पण आहेत. वर्गाच्या आदल्या रात्री बघितले तरी चालतंय.

प्रश्न : स्वयमवर कोर्स केला तर कॉलेजचा एखादा विषय सुटतो असं ऐकलंय. खरं का?
— एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : नियमात आहे, स्वयम म्हणजे सरकारचं ऑनलाइन कोर्सचं पोर्टल, आणि यूजीसीनं २०२१ मध्ये एका सेमिस्टरला ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट स्वयममधून घ्यायला परवानगी दिलीय. पण कोर्स तुझ्या कॉलेज-विद्यापीठानं मान्य केलेला पाहिजे, म्हणून आधी कोर्स करून मग सर्टिफिकेट घेऊन ऑफिसात जाऊ नकोस, सेमिस्टर सुरू होतानाच एचओडींची लेखी परवानगी घे. एबीसी, म्हणजे अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा आयडी काढलेला असू दे, क्रेडिट तिथंच जमा होतात. शिकायला पैसे पडत नाहीत, परीक्षेची फी वेगळी आणि परीक्षा सेंटरवर जाऊन द्यावी लागते. ओईला जबरदस्तीनं काहीतरी मिळत असेल तर ही वाट जरूर बघ.

प्रश्न : फील्ड प्रोजेक्टचा रिपोर्ट सगळे चॅटजीपीटीवरून करतायत. मी एकट्यानं स्वतः लिहून काय फायदा, मार्क तेवढेच मिळतात.
— एक विद्यार्थी, ठाणे

उत्तर : मार्क तेवढेच मिळतात हे खरंय, खोटं कशाला सांगू. कॉलेजनं तोंडी घेतली नाही, दोन प्रश्न विचारले नाहीत तर असंच होणार, रिपोर्ट तपासणाऱ्यांकडं पण तेच अ‍ॅप आहे.

तू एक कर. भाषा सुधारायला वापर, त्यात काही बिघडत नाही, उद्या ऑफिसात पण वापरशीलच. पण माहिती स्वतः जाऊन आण, कुणाशी बोललास, कुठल्या तारखेला, तो माणूस नक्की काय म्हणाला, वहीतल्या पानांचे फोटो रिपोर्टच्या मागं जोड. इंटरव्ह्यूत 'प्रोजेक्टबद्दल सांगा' हे हमखास विचारतात आणि दुसऱ्या प्रश्नाला, म्हणजे 'मग त्यांनी काय सांगितलं' याला, बाकीचे गप्प होतात. वही टाकून देऊ नकोस.